अलॉय चाकांवर कोणता थर द्यावा?

डायमंड-कट अलॉय दिसायला देखणे, पण त्यांचं दुखणं आतून सुरू होतं. आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर एका स्पोकच्या कडेला पांढरट, बारीक रेघा उमटल्या होत्या. वाकड्यातिकड्या, एकीतून दुसरी फुटलेली. नख फिरवलं तर ते सरळ घसरून जायचं, कारण वरचं लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, शाबूत होतं आणि रेघ त्याच्याखाली होती. पावसाळा संपेपर्यंत मागच्या चाकावर, मधल्या झाकणाभोवती, तशाच रेघा दिसायला लागल्या, तेव्हा हा विषय मी मनावर घेतला.

गाडी आम्ही जुनी घेतलेली, पण घरात सगळ्यांचा तिच्यावर जीव. इंदूरच्या सुदामा नगरहून रोजचं ऑफिस, सुट्टी मिळाली की ओंकारेश्वर नाहीतर महेश्वर, आणि दिवाळीत आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, धुळे करत पुण्याला आत्याकडे. म्हणजे शहरातली धूळ आहे, माळव्याची काळी माती आहे आणि घाटही आहेत. चाकांवर एकदाच काहीतरी टिकाऊ करून घ्यावं, दर दोन महिन्यांनी त्यात पडायला नको, एवढीच माझी अपेक्षा होती.

बाजारात विचारलं की उत्तर एकच येतं: सिरॅमिक, म्हणजे बाटलीतून हाताने लावायचा पातळ, कडक, पारदर्शक थर. बायपासच्या बाजूला एका डिटेलिंगच्या दुकानात मुलाने मला एक नमुन्याचं चाक दाखवलं. त्यावर पाणी ओतलं की मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळून जायचं. बाटलीवर ‘नाइन-एच’ लिहिलेलं, आणि त्याचं म्हणणं, हा थर हिऱ्याच्या खालोखाल कडक, सहाशे अंश तापमान सोसतो, तीन वर्षं बघायला नको. मी चाकावरच्या त्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. तो म्हणाला, “मॅडम, कोटिंग हो जाएगी तो बढ़ना बंद हो जाएगा.” इथे मला शंका आली. जे लॅकरच्या खाली चाललंय ते लॅकरच्या वर काही लावून कसं थांबेल?

दादाला फोन केला. माझा भाऊ पीथमपूरला एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे, धातूवर थर चढवणं हे त्याचं रोजचं काम. रविवारी तो आला, चाकासमोर उकिडवा बसला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “अगं, ह्याला फिलिफॉर्म म्हणतात. हे डाग नाहीत, ही गंज आहे. ॲल्युमिनियमची गंज पांढरी असते.”

त्याने सांगितलेलं मी इथे सविस्तर लिहिते, कारण पुढचा सगळा निर्णय ह्यावरच झाला. डायमंड-कट चाकाला आधी रंग देतात, मग दर्शनी भाग लेथवर कापून उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम बाहेर काढतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारतात. स्पोकच्या धारदार कडेवर लॅकर नीट थांबत नाही, तिथे तो थर पातळ पडतो. दगड उडून बारीकसा टवका गेला, किंवा मधलं झाकण काढताना ओरखडा पडला, की ओलावा आणि क्षार आत शिरतात. मग गंजेचं टोक लॅकरखालून पुढे सरकत राहतं आणि मागे पांढरी शेपटी सोडतं. तिला वरून काही लावलं तरी ती आतून चालतच राहते. ओल आलेल्या भिंतीवर नवा डिस्टेंपर मारण्यातला तो प्रकार झाला असता.

नाइन-एचचंही कोडं त्यानेच सोडवलं. ती पेन्सिलची श्रेणी आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. नाइन-एच ही त्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल. हिऱ्याचा दहावा क्रमांक मोह्स नावाच्या वेगळ्याच मापात येतो, तो खनिजांसाठी. दोन मापं एकत्र केली की गिऱ्हाइकाला वाटतं चाकावर जवळजवळ हिरा बसला. प्रत्यक्षात तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट. फुटपाथच्या कडेला चाक घासलं किंवा खडी उडून बसली, तर एक-दोन मायक्रॉन काय अडवणार?

आणि सहाशे अंश? गणपती घाट उतरताना ब्रेकची डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापू शकते हे खरं, पण चाकाचा दर्शनी भाग तिच्यापेक्षा कितीतरी थंड असतो. दादाचा मुद्दा मला फार पटला: चाकच सहाशे अंशांवर गेलं तर सिरॅमिकखालचं लॅकर आणि रंग कधीच जळून गेलेले असतील. मग वरच्या थराने तग धरून उपयोग काय? त्यामुळे बाटलीवरचा तो आकडा मी निवडीतून काढूनच टाकला. उष्णतेचा मुद्दा खरा लागू होतो तो मेणाला. कार्नोबा मेण ८५ अंशांच्या आसपास वितळतं. गाडीच्या बॉनेटवर ते शोभून दिसतं, चाकावर मात्र ब्रेकची उष्णता आणि मे महिन्यातलं आमचं इंदूरचं ऊन, दोन्हींपुढे त्याचा निभाव लागत नाही. पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचं कृत्रिम रसायन, त्याहून बरं, पण चाकांवर तेही दोन-तीन महिन्यांत विरतं.

म्हणून प्रश्न बदलला. कुठली बाटली सगळ्यात टिकाऊ, हे विचारण्याऐवजी माझ्या चाकांचं नुकसान नेमकं कशाने होतंय, हे आधी बघायचं ठरवलं. आमच्याकडे ते तीन गोष्टींनी होतं.

पहिली ब्रेकची धूळ. बहुतेक छोट्या गाड्यांसारख्या आमच्याही पुढे डिस्क आणि मागे ड्रम, त्यामुळे पुढची चाकं मागच्यांपेक्षा कायम काळी. ही साधी धूळ नाही. डिस्क बिडाची, तिचे आणि पॅडचे लोखंडी कण तापलेलेच उडतात आणि लॅकरवर चिकटतात, मग ओलाव्याने गंजून तिथे घट्ट बसतात. दादाने आणलेलं आयर्न रिमूव्हर पुढच्या चाकावर फवारलं तेव्हा ते मला डोळ्यांनी दिसलं. आधी पारदर्शक पाणी, मग मिनिटाभरात ठिकठिकाणी जांभळे ठिपके, आणि ते ठिपके ओघळ होऊन स्पोकवरून खाली उतरायला लागले. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं म्हणून तो रंग येतो. वास अतिशय घाण, नासक्या अंड्याचा, तेव्हा हे काम उघड्यावर, हातमोजे घालून आणि चाक गार असतानाच करावं. मागच्या चाकावर जांभळा रंग जेमतेम आला.

दुसरी गोष्ट पाणी आणि माती. नळाला येणारं नर्मदेचं पाणी गाडी धुवायला वापरणं मला पटत नाही, म्हणून घरी बोरिंगचंच वापरतो. ते जड आहे. उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे गोल उरतात, आणि वेळेवर पुसले नाहीत तर ते कोटिंगवरही चिकटून बसतात. काळी माती पावसाळ्यात चाकाच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळली की दगडासारखी होते. एका बाजूला जास्त बसली तर बॅलन्सिंगच बिघडतं, साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

तिसरी गोष्ट धुलाई केंद्र. मी नाव लिहीत नाही, पण एका ठिकाणी डब्यातलं बिननावाचं पाणी चाकांवर मारताना मी पाहिलं. टवके गेलेल्या जागी फस्स करून फेस यायचा आणि पोरगा खूश व्हायचा की मळ निघतोय. ॲल्युमिनियमला तेजाबही खातं आणि कॉस्टिक सोडाही खातो. तो फेस मळाचा नसतो, धातू विरघळताना सुटणाऱ्या वायूचा असतो. कडक कॉस्टिक तर सिरॅमिकचा थरही उतरवतो. तीन वर्षांचं कोटिंग अशा डब्याने थोड्याच धुलायांत संपेल, आणि त्यात कोटिंगचा दोष नसेल.

हे समोर मांडल्यावर उत्तर आपोआप दोन थरांचं झालं. खाली पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत पक्की केलेला थर, कारण ते ६० ते १०० मायक्रॉन जाड बसतं, खडी झेलतं, धातूला हवा-पाण्यापासून तोडतं. वर सिरॅमिक, कारण त्याच्यामुळे ब्रेकची धूळ आणि माती घट्ट धरत नाही आणि साध्या शाम्पूने सुटते. एकाचं काम दुसऱ्याला सांगून चालत नाही. ज्यांच्या चाकांचं मूळ लॅकर धडधाकट आहे, त्यांनी पावडरच्या भानगडीत पडूच नये. नीट साफ करून नुसतं सिरॅमिक लावावं, तेवढं पुरेल.

मला एका गोष्टीचं वाईट वाटलं. डायमंड-कटची ती झळाळी परत मिळणार नव्हती. लेथवर पुन्हा कापून, पुन्हा लॅकर मारून ती आणता येते, पण दर वेळी धातू थोडा कमी होतो, त्यामुळे हे फार वेळा करता येत नाही, आणि धारेवरचं लॅकर तिथेच पातळ पडणार ते पडणारच. दादाने चाक उलटं करून आतल्या बाजूला ओतीव अक्षरं दाखवली: मापाचा आकडा, ‘जेडब्ल्यूएल’ हा अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा शिक्का, आणि ‘ए-३५६ टी-६’. हे शेवटचं मिश्रधातूचं आणि त्याला दिलेल्या उष्णतेच्या संस्काराचं नाव. सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेलं हे ॲल्युमिनियम आधी साधारण ५४० अंशांवर तापवून झटकन थंड करतात आणि मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या दरम्यान काही तास ठेवून त्याला ताकद आणतात. म्हणून तो पुन्हापुन्हा बजावत होता, “भट्टीचं तापमान विचार. ह्याच्यापेक्षा फार वर आणि फार वेळ गेलं की चाक नरम पडतं. दिसायला नवं दिसेल, पण ताकद गेलेली असेल.”

सांवेर रोडच्या औद्योगिक भागात पावडर कोटिंग करणारे भरपूर आहेत, पण दिवाळीच्या आधी सगळे गेट, ग्रिल आणि ऑफिसच्या कपाटांत बुडालेले असतात. पहिल्या ठिकाणी जुना रंग कसा काढता विचारलं, तर उत्तर आलं, भट्टीत जाळून. गेटसाठी ठीक, अलॉयसाठी अजिबात नाही; रंग जाळायच्या भट्ट्या चारशे अंशांच्या घरात चालतात. दुसऱ्या ठिकाणी रसायनाने रंग सोडवून मग हलकं ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा, करत होते. तिथल्या मिस्त्रींनी मी विचारण्याआधीच एक चाक पालथं करून हबला टेकणाऱ्या जागेवर बोट ठेवलं. “यहाँ पावडर नहीं लगेगी, और नट की सीट पे भी नहीं. लगी तो नट ढीला होगा.” पावडरचा जाड थर नटखाली दबून चुरतो आणि नटाची पकड सुटते, चाक निखळण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. हे आपणहून सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास टाकला.

भाव दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. खरे महत्त्वाचे होते ते मी विचारलेले प्रश्न: धातूचं तापमान १८० अंशांच्या वर नेणार का, किती मिनिटं ठेवणार, एकूण किती वेळा भट्टीत जाणार. मिस्त्री म्हणाले, रंगकामासाठी भट्टीत दोनदा, एकदा रंगासाठी आणि एकदा वरच्या पारदर्शक थरासाठी. त्याआधी कोरं चाक एकदा तापवून घेतात, कारण ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत अडकलेली हवा नंतर निघाली तर रंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. काळा रंग घ्यायचा आग्रह घरात होता, पण इंदूरच्या धुळीत काळं चाक सगळ्यात आधी मळकं दिसतं. मॅट फिनिश मी नाकारलं, कारण खरखरीत पृष्ठभाग ब्रेकची धूळ धरून ठेवतो. चमकदार राखाडी ठरवला.

गाडी पोर्चमध्ये लोखंडी स्टँडवर उभी केली, नुसत्या जॅकवर नाही. चारही चाकं लोडिंग रिक्षात घालून आधी टायरवाल्याकडे, टायर उतरवून मग सांवेर रोडला. रंग निघाल्यावर मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं. उघडी पडलेली चाकं फिकट राखाडी, कोरडी दिसत होती. जिथे पांढऱ्या रेघा होत्या तिथे धातूवर बारीक खाचा उरल्या होत्या. त्या घासून भरल्या नाहीत तर पावडरखालूनही दिसतील असं ते म्हणाले, आणि त्यांनी त्या गुळगुळीत केल्या. ह्याच वेळी चाकाला कुठे तडा आहे का हेही बघून घ्यावं. रंगाखाली तो दिसत नाही. आमच्या एका चाकाची आतली कड किंचित दबलेली निघाली, तडा मात्र कुठेच नव्हता.

पावडर भट्टीतून बाहेर येऊन गार झाली की पक्की झालेली असते; ओल्या रंगासारखी आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागत नाही. तरी मी घाई केली नाही. आधी टायर चढवून घेतले, रबरी व्हॉल्व्ह नवे टाकले आणि बॅलन्सिंग करून घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. सिरॅमिक लावलेल्या जागेवर बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं नीट धरत नाहीत, काही दिवसांनी सुटून पडतात. म्हणून आतल्या बाजूला वजनांचा पट्टा मी कोरा सोडला. कडेला ठोकून बसवायची क्लिपवाली वजनंही नको म्हटलं, कारण ती नवीन थरच फोडतात.

सिरॅमिक घरीच लावलं, दादा आणि मी. दिवाळीनंतरचे दिवस निवडले: ऊन उतरलेलं, हवा कोरडी, वारा नाही. तापलेल्या चाकावर ते लावता लावताच सुकतं आणि पट्टे राहतात, पावसाळी दमट हवेतही ते फार लवकर पकडतं. आधी शाम्पूने धुतलं, टायर चढवतानाचं साबणपाणी आणि ग्रीस आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढलं. मग स्पंजवर थोडे थेंब घेऊन एक स्पोक, थांबायचं, पुसायचं, मग दुसरा. कधी पुसायचं ते पृष्ठभागच सांगतो. ओला थर आधी तेलकट चमकतो, मग त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे इंद्रधनुषी रंग फिरतात. ते दिसले की मऊ कापडाने लगेच समतल करायचं. उशीर झाला तर तिथे गडद डाग राहतो आणि तो घासूनच काढावा लागतो. नटांच्या खोबणींत आणि स्पोकच्या मागच्या कोपऱ्यांत वेळ सगळ्यात जास्त गेला. दुकानात नेमक्या ह्याच जागा राहून जातात, म्हणून घरी लावण्याचं मला समाधान आहे. रात्रभर चाकं खोलीत ठेवली आणि पहिला आठवडा त्यांना पाणी लागू दिलं नाही.

चाकं बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या ठरावीक जोराला, टॉर्क पान्यानेच आवळले, आणि शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. नवीन कोटिंगनंतर हे कुणीही टाळू नये.

त्यानंतर एक पावसाळा गेला. धुताना फरक स्पष्ट जाणवतो. पुढच्या चाकांवर धूळ तितकीच बसते, ब्रेक तेच आहेत ना, पण बादलीभर पाणी आणि साध्या शाम्पूने ती मऊ ब्रशखाली लगेच सुटते. आयर्न रिमूव्हर आता क्वचितच लागतं. पाण्याचे थेंब मात्र पहिल्यासारखे गोल राहिलेले नाहीत. त्याची मला काळजी वाटत नाही. वरवर मळाचा पापुद्रा बसला की थेंब पसरट होतात, आणि मळ सुटतोय तोवर थर आहे असं मी धरते. सेंधव्याच्या पुढे एका ट्रकच्या चाकाखालून खडी उडून उजव्या पुढच्या चाकावर आपटली. भिंगाखाली बघितलं तर पावडरमध्ये खळगा आहे, पण धातू उघडा पडलेला नाही. नुसत्या सिरॅमिकवर विसंबून राहिले असते तर ती रेघांची गोष्ट तिथून पुन्हा सुरू झाली असती. धुलाई केंद्रात गाडी द्यावीच लागली तर “चाकांना हात लावू नका” असं आधी सांगते, आणि शेवटी घरच्या क्षार काढलेल्या पाण्याचा एक तांब्या प्रत्येक चाकावर ओतून पुसून घेते, म्हणजे बोरिंगचे क्षार उरत नाहीत.

आता स्टेपनीचं राहिलंय. तिचं रिम लोखंडी आहे, वेल्डच्या कडेला लालसर गंज दिसते. तिला सिरॅमिकची गरज नाही. ब्लास्टिंग करून जस्ताचं प्रायमर आणि वर पावडर पुरे. टायर जुना झालाय, तो बदलायला उतरेल तेव्हा रिम सांवेर रोडला पाठवीन. मिस्त्रींना सांगून ठेवलं आहे, गेटची गर्दी ओसरली की कळवतो म्हणाले.